बारा-चोवीस व्होल्टच्या डीसी लाईनवर एसएसआर कसा जोडायचा: निवडण्यापासून टेस्टिंगपर्यंत

जालना घ्या, परभणी घ्या, बीड-लातूरकडं जा, शेतात आन घरात बारा व्होल्टच्या वस्तू आता लई झाल्यात. बॅटरीवरचा फवारणी पंप, ड्रिपचे सोलेनॉईड व्हॉल्व, कोंबड्यांच्या शेडमधला गाडीच्या रेडिएटरचा फॅन, अंडी उबवायची पेटी, सोलर लाईट. आणि लाईटीचा भरवसा नसल्यामुळं ह्यातलं बरंच काही थेट बॅटरीवरच चालतं. मग पुढची पायरी म्हणजे हे सगळं टायमरवर नाहीतर ईएसपी३२ वर, म्हणजे वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर, टाकून मोबाईलवरनं चालू-बंद करायचं, आणि तिथं माणूस एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) विकत घेतो, तो पांढरा चौकोनी ठोकळा, वर दोन स्क्रू खाली दोन स्क्रू, मधे एक लाल एलईडी. जोडतो, आणि मग विचारत फिरतो की चालू तर झाला पण बंद काहून होईना.

ह्या लेखात मी फक्त डीसीचं सांगणारे, बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस व्होल्टपर्यंत. २३० व्होल्टच्या हीटरवर एसएसआर कसा लावायचा ह्याचे व्हिडिओ ढिगानं आहेत आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते, कारण लोक तीच वायरिंग उचलून बॅटरीवर करतात.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं निम्मं आपोआप कळतं. आपल्या घरातला एसी करंट ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तो शून्यावर येतो. बॅटरीचा डीसी करंट स्वतःहून कधीच शून्यावर येत नाही, तो तोडावा लागतो. एसएसआर कुठला घ्यायचा, डायोड काहून लावायचा, साधी एमसीबी डीसीवर काहून चालत नाही, हे सगळं ह्याच एका कारणावर येऊन थांबतं.

साध्या रिलेचंही तेच आहे. तो निळा छोटा रिले मॉड्यूल बघा, त्याच्यावर छापलेलं असतं १० अँप २५० व्होल्ट एसी आणि खाली १० अँप ३० व्होल्ट डीसी. एसीत ठिणगी करंट शून्यावर आला की विझते, डीसीत ती तशीच ताणत राहते आणि कॉन्टॅक्ट जाळते नाहीतर चिकटवून टाकते. दिवसातनं दोनदा चालू-बंद होणाऱ्या लाईटीला रिले पुरे आहे, उगं एसएसआरवर पैसे घालू नका. पण दर पाच मिनिटाला चालू-बंद होणारा हीटर किंवा फॅन असेल तर एसएसआर बरा, त्याच्यात झिजायला काही नसतं.

आधी कोड वाचा: डीए, एए, डीडी

ठोकळ्यावर एसएसआर-४० डीए असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे अँपिअर. पहिलं अक्षर म्हणजे कंट्रोलला (चालू-बंदच्या सिग्नलला) काय द्यायचं, दुसरं अक्षर म्हणजे लोड (चालवायची वस्तू) कुठला चालणार. डीए म्हणजे कंट्रोल डीसी, लोड एसी. एए म्हणजे दोन्हीकडं एसी. आणि आपल्याला पाहिजे तो डीडी, कंट्रोलही डीसी आणि लोडही डीसी. दुकानात नुसतं "चाळीस अँपचा एसएसआर द्या" म्हणलं तर दहातले नऊ दुकानदार डीए काढून देतील, कारण खपतो तोच. डीडी म्हणूनच मागायचा, आणि हातात आल्यावर लेबलवर आऊटपुटपुढं व्हीडीसी लिहिलंय का ते स्वतः वाचायचं, व्हीएसी लिहिलं असेल तर परत द्यायचा.

डीएच्या पोटात एससीआर नाहीतर ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. त्याला एकदा गेटवर सिग्नल दिला की तो लॅच होतो, मग सिग्नल काढला तरी करंट चालूच ठेवतो, जोपर्यंत तो करंट एका ठरावीक मर्यादेखाली जात नाही तोपर्यंत. ह्या मर्यादेला होल्डिंग करंट म्हणतात, साधारण काही दहा मिलीअँपमधे असतो. एसीत करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतोच त्यामुळं तो सुटतो, डीसीत सुटत नाही. बॅटरीची वायर काढेपर्यंत पंप चालूच. काही डीएमधे झिरो क्रॉसिंग सर्किट असतं, ते व्होल्टेज शून्याजवळ यायची वाट बघतं, त्यामुळं जास्त डीसी व्होल्टेजवर असला डीए कधी कधी चालूच होत नाही. म्हणजे एकाचा बंद होईना आणि दुसऱ्याचा चालू होईना, दोघंही एकच चूक करायलेत.

ह्यात अजून एक फसवणूक आहे. टेबलावर लोक छोटी एलईडी लावून डीए टेस्ट करतात आणि तो बरोबर चालू-बंद होतो! कारण त्या एलईडीचा करंट होल्डिंग करंटपेक्षा कमी असतो, लॅच होतच नाही. मग शेतात नेऊन पाच अँपचा पंप लावला की अडकून बसतो. त्यामुळं टेस्ट करायची तर मोटारसायकलच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, तो पावणेदोन अँप खेचतो, तिथं खरं-खोटं लगेच कळतं.

ड्रिपवाल्यांनी इथं थांबून एक गोष्ट बघा. सोलेनॉईड व्हॉल्वच्या कॉईलवर काय लिहिलंय? बऱ्याच सिंचन व्हॉल्वची कॉईल २४ व्होल्ट एसीची असते. त्याला डीडी एसएसआर चालणार नाही, तिथं डीए बरोबर आहे. आणि ती एसीची कॉईल चोवीस व्होल्ट डीसीवर लावून बघू पण नका, एसीत कॉईलचा इंडक्टन्स करंट अडवून धरतो, डीसीत नुसता तारेचा रेझिस्टन्स उरतो, करंट वाढतो आणि कॉईल तापून जळते. तिसरा प्रकार लॅचिंग सोलेनॉईडचा, बॅटरीवरच्या टायमरसोबत येतो, त्याला उघडायला एक पल्स आणि बंद करायला उलट्या पोलॅरिटीची पल्स लागते. ते एका एसएसआरचं कामच नाही, त्याला पोलॅरिटी उलटवू शकणारा एच-ब्रिज ड्रायव्हर घ्या. १२ व्होल्ट डीसीची साधी कॉईल असेल तरच पुढचं वाचून उपयोग आहे.

किती अँपचा, किती व्होल्टचा

लेबलवरचा आकडा हा थंड हीटसिंकवरचा आकडा असतो, तो आपल्या मे महिन्याचा नाही. शिवाय बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला भरपूर आहेत, वर ४० अँप आणि आत बारका ट्रान्झिस्टर. म्हणून हीटरसारख्या सरळ लोडला चालू करंटच्या किमान दुप्पट रेटिंगचा घ्या. मोटर असेल तर सुरू होतानाचा करंट बघायचा, तो चालू करंटच्या पाच ते आठ पट जातो. रेडिएटर फॅन ८ अँप घेतो असं धरलं तर सुरुवातीला ४० अँप सहज ओढेल, क्षणभरच ओढेल पण आतल्या मॉस्फेटला, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला, मरायला तेवढा क्षण पुरतो. त्याला ४० अँपचा डीडी घ्या. फिलामेंटचा बल्बही थंड असताना दहा पटीच्या आसपास ओढतो.

व्होल्टेजचं लोक जास्त चुकतात. बरेच डीडी ५ ते ६० व्होल्टचे येतात. १२ व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते, २४ ची सिस्टीम २८.८ पर्यंत, तिथं काही अडचण नाही. पण ४८ व्होल्टची सिस्टीम चार्जिंगला ५७.६ वर जाते, लिथियम फॉस्फेटचा १६ सेलचा पॅक ५८.४ वर, म्हणजे ६० च्या अगदी काठावर, वर मोटर बंद होतानाचा झटका वेगळाच. ४८ साठी १०० व्होल्टच्या वरचाच घ्यायचा, ह्यात काटकसर नाही.

आणि एक सरळ सांगतो, सौर कृषी पंपाच्या पॅनलवर हे प्रयोग करू नका. तीन, पाच, साडेसात एचपीच्या पंपांना पॅनल सिरीजमधे जोडलेले असतात, तिथं काहीशे व्होल्ट डीसी असतो. हा डीसी माणूस मारतो, आणि उन्हात पॅनल बंद करता येत नाही. तिथला फ्यूजही लवकर उडत नाही, कारण पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट त्याच्या नेहमीच्या करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो. कंट्रोलरला रिमोटची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा.

चार स्क्रू आणि त्यातला खरा गोंधळ

बहुतेक ठोकळ्यांवर १ आणि २ नंबर आऊटपुटचे, ३ आणि ४ कंट्रोलचे असतात, ३ ला प्लस आणि ४ ला मायनस. नंबर कंपनीगणिक बदलू शकतात म्हणून छापलेली आकृती बघूनच हात लावा. डीए मधे १ आणि २ अदलाबदल केले तरी चालतात, डीडी मधे बिलकुल चालत नाहीत. डीडीत १ ला प्लस आणि २ ला मायनस छापलेलं असतं.

आता इथं लोक काय करतात, १ नंबरला बॅटरीचा प्लस देतात, ते बरोबर, आणि २ नंबरला मायनस दिसला म्हणून सरळ बॅटरीचा मायनस देऊन टाकतात. म्हणजे एसएसआर चालू झाला की बॅटरी शॉर्ट! फ्यूज नसेल तर ठोकळ्यातनं धूर. २ नंबरवरचा मायनस म्हणजे बॅटरीचा मायनस नाही, करंट तिथनं बाहेर पडतो एवढाच त्याचा अर्थ. एसएसआर हा स्विच आहे, तो लोडच्या सिरीजमधेच येतो.

तर वायरिंग अशी. बॅटरी प्लसवरनं वायर फ्यूजला. फ्यूजमधनं एमसीबी किंवा कटऑफ स्विचला. तिथनं एसएसआरच्या १ नंबरला, म्हणजे प्लसला. २ नंबरवरनं, म्हणजे मायनसवरनं, लोडच्या प्लसला. लोडचा मायनस सरळ बॅटरीच्या मायनसला. झालं. ह्याला हाय साईड म्हणतात आणि मी शक्यतो हीच सांगतो, कारण एसएसआर बंद असताना लोडवर प्लस पोचत नाही, आणि ट्रॅक्टरवर काही बसवायचं असेल तर बॉडी तशीही मायनसच असते.

लो साईडही करता येते: बॅटरी प्लस, फ्यूज, लोडचा प्लस, लोडचा मायनस एसएसआरच्या १ ला, आणि २ नंबर बॅटरी मायनसला. इथं मात्र २ नंबर खरंच बॅटरी मायनसला जातो, आणि बहुतेक ह्याच आकृतीतनं वरचा गोंधळ जन्माला येत असावा. कंट्रोल बाजू आतमधे प्रकाशानं वेगळी केलेली असते, त्यामुळं दोन्ही पद्धती चालतात, ठोकळ्याला फरक पडत नाही.

१ आणि २ उलटे लावले तर काय होतं? आतल्या मॉस्फेटमधे एक डायोड जन्मतःच असतो, बॉडी डायोड. विहिरीच्या फूट व्हॉल्वसारखा तो एकाच बाजूनं जाऊ देतो. पोलॅरिटी बरोबर असली की तो अडवतो, उलटी झाली की करंट त्याच्यातनं सरळ निघून जातो, कंट्रोल दिला काय आणि नाही दिला काय. लोड कायम चालू राहतो, आणि डायोडवर पाऊण-एक व्होल्ट पडत असल्यामुळं ठोकळा तापतो तो वेगळाच. त्यामुळं डीडी असूनही लोड बंद होत नसेल तर एसएसआरला शिव्या द्यायच्या आधी १ आणि २ तपासा.

कंट्रोल बाजू

लेबलवर ३ ते ३२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असतं. आत करंट अडवायची सोय असते, बाहेरनं रेझिस्टर लावायची गरज नाही. आर्डुइनो ऊनोची ५ व्होल्टची पिन थेट चालते. टेंपरेचर कंट्रोलर घेताना एसएसआर आऊटपुटवाला घ्यायचा, तो १२ किंवा २४ व्होल्ट देतो, तोही थेट.

ईएसपी३२ चं तसं नाही. पिन ३.३ व्होल्टची, त्यात एसएसआर दहा-पंधरा मिलीअँप ओढतो, पिनवरचं व्होल्टेज अजून खाली येतं, आणि एसएसआरला किमान पाहिजेत ३. कधी चालतो कधी नाही, आणि ह्याहून वाईट म्हणजे अर्धवट चालतो, मॉस्फेट पुरता उघडत नाही आणि तापून मरतो. मधे एक ट्रान्झिस्टर टाका, बीसी५४७ किंवा २एन२२२२, रुपया-दोन रुपयाचं काम. पिनवरनं १ किलोओहमचा रेझिस्टर बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर एसएसआरच्या ४ नंबरला, आणि एसएसआरचा ३ नंबर ५ व्होल्टला. बेस आणि ग्राउंडच्या मधे १० किलोओहम टाका म्हणजे ईएसपी बूट होताना पिन अधांतरी असली तरी पंप उगीच चालू होणार नाही. पिन पण बघून निवडा, ५, १४, १५ ह्या पिना बूटच्या वेळी सिग्नल देतात, २५, २६, २७, ३२, ३३ बऱ्या.

पीएलसीवाल्यांसाठी एवढंच, आऊटपुट एनपीएन असेल तर ३ नंबरला कायम २४ व्होल्ट आणि ४ नंबर पीएलसीच्या आऊटपुटला, पीएनपी असेल तर आऊटपुट ३ ला आणि ४ नंबर शून्य व्होल्टला.

लाल एलईडीवर विश्वास ठेवू नका. ती फक्त कंट्रोलला व्होल्टेज आलंय एवढं सांगते, आऊटपुटचं तिला काही माहीत नसतं. आणि असल्या डीडीला पीडब्ल्यूएम (सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणारा सिग्नल) देऊन फॅनचा स्पीड कमी-जास्त करायचा विचार असेल तर सोडून द्या. ऊनोच्या पिनेवर पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, दोन पिनांवर ९८० चा, आणि हा ठोकळा आतनं हळू आहे, चालू-बंद व्हायलाच त्याला मिलिसेकंद लागतात. तो पूर्ण चालूही नाही आणि पूर्ण बंदही नाही अशा अवस्थेत अडकून तापतो. हीटरला सेकंद-दोन सेकंदाच्या सायकलनं चालू-बंद करा, फॅनच्या स्पीडला वेगळा मॉस्फेट ड्रायव्हर घ्या.

डायोड: पाच रुपयात वाचणारा ठोकळा

सोलेनॉईड, मोटर, रिलेची कॉईल, ह्यांच्यात तार गुंडाळलेली असते आणि चालू असताना ऊर्जा साठलेली असते. एसएसआरनं करंट झटक्यात तोडला की ती कॉईल करंट तसाच चालू ठेवायचा प्रयत्न करते आणि व्होल्टेज शेकड्यात उडवते. ६० व्होल्टचा मॉस्फेट एका झटक्यात मरेल नाहीतर रोज थोडा थोडा मरेल. म्हणून लोडवर उलटा डायोड: पांढऱ्या पट्टीची बाजू लोडच्या प्लसला, दुसरी मायनसला. चालू असताना तो काही करत नाही, बंद होताना कॉईलचा करंट स्वतःमधनं फिरवतो.

पट्टी उलटी लावली तर डायोड म्हणजे सरळ शॉर्ट, म्हणून लावल्यावर दोनदा बघा. अँपभराच्या सोलेनॉईडला १एन४००७ पुरतो. आठ-दहा अँपच्या मोटरला ६ए१० घ्या, करंट तुटतो त्या क्षणी सगळा करंट डायोडमधनं जातो. डायोड एसएसआरपाशी न लावता लोडपाशी लावा. वायर लांब असेल, पेटी इथं आणि व्हॉल्व शेताच्या त्या टोकाला, तर त्या वायरचाही इंडक्टन्स असतो, मग एसएसआरच्या १ आणि २ वर एक टीव्हीएस डायोडही टाका, १.५केई३६ए, तो जवळपास ५० व्होल्टला झटका कापतो. १२ आणि २४ व्होल्टला चालतो, ४८ ला नाही. त्याची पट्टी १ नंबरला.

डायोडमुळं सोलेनॉईड बंद व्हायला किंचित उशीर होतो. ड्रिपला काही फरक पडत नाही.

फ्यूज, वायर, कटऑफ

ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँप देते, वायर लाल होऊन पेटते. फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून एका वितीच्या आत पाहिजे, पेटीत नाही, कारण पेटीत लावला तर मधली वायर उघडीच राहिली. गाडीतले रंगीत ब्लेड फ्यूज १२ आणि २४ ला चालतात, बहुतेकांचं रेटिंग ३२ व्होल्ट असतं म्हणून ४८ ला चालत नाहीत. आठ अँपच्या फॅनला १५ अँपचा. आणि हे लक्षात असू द्या की फ्यूज हा वायरीला वाचवायला आहे, डेड शॉर्टमधे मॉस्फेट फ्यूजच्या आधी जातो.

घरातली एसी एमसीबी इथं लावू नका, ठिणगीचं कारण वर सांगितलंय. डीसी लिहिलेलीच घ्या, त्यातल्या काहींवर प्लस-मायनस असतो, तोही पाळा.

वायर लोक बारीक टाकतात आणि मग पंपाला जोर नाही म्हणतात. हिशोब करून बघा: पेटीपासून पंप १५ मीटर, जाऊन-येऊन ३० मीटर तांबं, अडीच एमएमच्या वायरला साधारण ०.२१ ओहम. आठ अँपवर १.७ व्होल्ट वायरीतच गेले, बारातले. सहा एमएम टाकली तर ०.७ जातात. २३० व्होल्टला दीड व्होल्टनं काही बिघडत नाही, बाराला तो सातवा-आठवा हिस्सा आहे.

स्क्रूखाली नुसती पिळलेली वायर देऊ नका, लग क्रिम्प करून घ्या आणि नीट आवळा. ढिल्या स्क्रूवर तापून प्लास्टिक वितळलेले ठोकळे बघितले की लोक "एसएसआर जळाला" म्हणतात, जळालेला असतो जॉईंट.

उष्णता

चालू असताना १ आणि २ मधे मीटर लावा, डीसी व्होल्टवर. चांगल्या मॉस्फेटच्या डीडीवर ८ अँपला पाव व्होल्टच्या आत दिसेल, म्हणजे जेमतेम दोन वॅट. स्वस्तातल्या काहींवर सव्वा व्होल्ट दिसतो, म्हणजे १० वॅट, तो ठोकळा हीटसिंकशिवाय टिकणारच नाही, वर लोडलाही तेवढं व्होल्टेज कमी. विकत घेतल्यावर पहिल्यांदा मी हेच मोजतो, लेबल खरं का खोटं ते इथं कळतं.

उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो, आणि उन्हातली पत्र्याची पेटी आतनं त्याहून कितीतरी गरम असते. मॉस्फेट गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, मग तो अजून तापतो. चार-पाच अँपच्या वर गेलात की हीटसिंक लावाच, मधे थर्मल पेस्टचा पातळ थर, पोळीवर तूप थापल्यासारखा नको. फिन उभ्या ठेवा म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. पेटीच्या मागं भोक पाडून हीटसिंक बाहेर काढला तर सगळ्यात उत्तम, आणि पेटी मोसंबीच्या नाहीतर लिंबाच्या सावलीत टांगा. आत एसएसआर, चार्जर आणि बॅटरी सगळं एकत्र कोंबू नका.

चालू करायच्या आधीची टेस्ट

पहिलं, ठोकळा मोकळा असताना. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल वायर २ नंबरला, काळी १ नंबरला. डीडी असेल तर ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा येतो, तो बॉडी डायोड. वायरी उलट्या केल्या की काही दाखवत नाही. दोन्हीकडनं काहीच नाही दाखवलं तर तो बहुतेक डीए आहे, लेबल काहीही म्हणो. दोन्हीकडनं शून्याजवळ आलं तर आत शॉर्ट आहे, फेकून द्या. आता ३ आणि ४ ला ५ किंवा १२ व्होल्ट द्या आणि १-२ वर बझर लावा, मॉस्फेटचा डीडी वाजेल. डीए इथं वाजत नाही कारण मीटरचा करंट त्याला पकडून ठेवायला पुरत नाही, म्हणून डीए खराब आहे असं नाही.

दुसरं, तो २१ वॅटचा बल्ब लोड म्हणून लावा. कंट्रोल दिला की पेटला पाहिजे, काढला की विझला पाहिजे, दहा-वीस वेळा करून बघा.

तिसरं, खरा लोड आणि डायोड जोडा पण फ्यूजच्या जागी तोच बल्ब सिरीजमधे ठेवा. कंट्रोल बंद असताना बल्ब पेटला तर १-२ उलटे आहेत किंवा ठोकळा शॉर्ट आहे. कंट्रोल चालू केल्यावर बल्ब भरभरून पेटला आणि लोडवर व्होल्टेज शून्य आलं तर डायोड उलटा आहे किंवा तुम्ही २ नंबर बॅटरी मायनसला दिलाय. मोटर असेल तर बल्ब पेटणारच, म्हणून मोटरची एक वायर काढून डायोड तसाच ठेवून बघा, बल्ब विझला पाहिजे. काहीही चुकलं तरी करंट पावणेदोन अँपच्या वर जात नाही, काही जळत नाही. सगळं बरोबर आलं की बल्ब काढून फ्यूज बसवा.

एसएसआर मेला तर चालूच राहतो

रिले खराब झाला तर बऱ्याच वेळा लोड बंद पडतो, कधी कॉन्टॅक्ट चिकटून चालूही राहतो. एसएसआर खराब झाला की बहुतेक वेळा आतनं शॉर्ट होतो, म्हणजे लोड चालूच. ड्रिपचा व्हॉल्व चालू राहिला तर टाकीभर पाणी गेलं, उबवणी पेटीचा हीटर चालू राहिला तर सगळी अंडी उकडली, आणि पेटी लाकडाची असेल तर आगही लागते. हीटरच्या कामात एसएसआरच्या सिरीजमधे गाडीचा ३०-४० अँपचा रिले लावा आणि त्याच्या कॉईलमधे वेगळा थर्मल कटऑफ घाला, ३९.५ किंवा ४० डिग्रीला तोडणारा, मुख्य कंट्रोलरशी काही संबंध नसलेला. रोजचं चालू-बंद एसएसआर करेल, हा रिले फक्त अडचणीच्या वेळी सुटेल, त्यामुळं ठिणगीनं झिजण्याचा प्रश्न येत नाही.

ह्याच कारणासाठी दुरुस्तीला हात घालताना एसएसआर बंद आहे म्हणून वायर सोडू नका. बंद असतानाही त्याच्यातनं थोडा करंट गळतो. एमसीबी पाडा नाहीतर फ्यूज काढा. त्या गळतीमुळंच कधी कधी बंद केल्यावरही एलईडी मिणमिणती राहते, लोडला समांतर १ किलोओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला की १२ व्होल्टवर ते बंद होतं.

आणि फॅन सुरू होताना ईएसपी रिसेट होत असेल तर तो एसएसआरचा दोष नाही, मोटरच्या झटक्यानं बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. ईएसपीच्या बक कन्व्हर्टरची (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून ईएसपीला देणाऱ्या मॉड्यूलची) वायर पंपाच्या वायरीतनं न काढता थेट बॅटरीवरनं वेगळी आणा, तिला वेगळा २ अँपचा फ्यूज, आणि कन्व्हर्टरच्या इनपुटला एक डायोड सिरीजमधे घालून त्यामागं १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. तरीही रिसेट होत असेल तर बॅटरीच म्हातारी झालीय, फॅन सुरू करताना टर्मिनलवर मीटर धरा, १० च्या खाली गेली तर बदलायची वेळ झाली.